खांबाच्या पायाशी

वैशाख लागला की नाशिकच्या जुन्या पेठांत पावसाळ्याची तयारी सुरू होते. माडीवरची कौले चाळली जातात, पन्हळी झाडून घेतल्या जातात, दुकानातील पोती व खोकी जमिनीपासून उंच फळ्यांवर चढतात आणि हिशेबाच्या वह्या वरच्या कपाटात जातात. सर्वांची दृष्टी वर असते, कारण पाणी वरूनच येते अशी आपली समजूत. ज्या खांबाला टेकून घरातील वडीलधारी मंडळी वर्षानुवर्षे बसत आली, त्या खांबाच्या पायाशी वाकून पाहण्याची मात्र कोणालाच आठवण होत नाही. वाड्याचा घात पुष्कळदा तेथूनच सुरू होतो.

सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, रविवार कारंजा, तिवंधा, सोमवार पेठ या भागांतील जुने वाडे पाहिले, तर त्यांची रचना जवळजवळ एकसारखी आढळते. खाली दगडी जोते, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर तक्तपोशी. विटांच्या अथवा पांढऱ्या मातीच्या भिंती जाडजूड असल्या, तरी मजल्यांचे बरेचसे ओझे हा लाकडी सांगाडाच वाहतो. रस्त्याकडे दुकान, मागे चौक आणि वर बिऱ्हाड अशा वास्तूत व्यापारी कुटुंबांच्या तीन-तीन, चार-चार पिढ्या वाढल्या.

या वास्तूंच्या शेजारी गोदावरी आहे. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशा शब्दांत नाशिककर पूर मोजतात. १९६९चा महापूर पाहिलेली पिढी आज विरळ झाली. परंतु २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर सर्वांच्या स्मरणात आहेत. नदीला पूर नसतानाही सरस्वती नाला तुंबला की सराफ बाजार व दहीपूल परिसरातील दुकानांत पाणी शिरते. पाणी ओसरते, गाळ काढला जातो, भिजलेल्या मालाचा पंचनामा होतो आणि चार दिवसांत व्यवहार पूर्ववत सुरू होतात. जोत्यात, भिंतीत आणि खांबांच्या बुंध्यात मुरलेले पाणी मात्र चार दिवसांत जात नाही. त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

लाकूड म्हातारे होऊन कुजते, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. जपानमधील नारा येथील होर्यूजी मंदिर हे जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक आहे. त्याच्या मुख्य इमारती तेराशे वर्षांहून अधिक काळ उभ्या आहेत. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला लाकूड, हवा, ऊब व ओलावा या चारही गोष्टी लागतात. पहिल्या तिन्ही आपल्या घरात सदैव हजर असतात. हाती राहतो तो केवळ ओलावा. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर कुजण्याची क्रिया सुरू होत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचून तसेच टिकून राहिले, तर बुरशीला मोकळे रान मिळते. एखाद्या पावसात भिजून वाळलेल्या लाकडाचे त्यामुळे विशेष बिघडत नाही. भिजून, झाकले जाऊन, न वाळलेले लाकूड मात्र आतून मऊ होत जाते.

सागाची कीर्ती खरी आहे, पण ती त्याच्या गाभ्याची. गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे बुरशी व कीटक त्यापासून दूर राहतात. गाभ्याभोवतीचे पांढुरके लाकूड तितके चिवट नसते, आणि स्वस्ताईसाठी नंतरच्या दुरुस्त्यांत वापरलेले आंब्याचे अथवा अन्य हलके लाकूड तर ओलीपुढे काही वर्षेही टिकत नाही. ‘आमचा वाडा अस्सल सागवानी आहे’ या अभिमानापोटी तपासणीच टाळणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

पूर्वजांना ही गोष्ट पुस्तकांवाचून ठाऊक होती. खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर उभा करण्याचे कारण हेच, की जमिनीतील ओल दगडाशी थांबावी आणि लाकडाचा तळ वाऱ्यावर राहावा. पुढे काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढले आणि जोते खाली गेले. दुकानात पाणी येऊ नये म्हणून जमीन उंच केली, तीवर फरशी बसवली, काही वर्षांनी फरशीवर टाइल आली. तळखडा गाडला गेला आणि वीतभर खांबही त्याच्याबरोबर गाडला गेला. लाकडाला पाण्यापासून दूर ठेवणारा दगड जागच्या जागी आहे. पण तो आता जमिनीच्या पोटात आहे आणि लाकूडही त्याच्या सोबतीला ओलीत उभे आहे.

त्यावर आणखी एक चूक घडते. खांबाचा तळ काळवंडला, पोपडे सुटू लागले, की त्याच्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधला जातो किंवा ऑइलपेंटचे दोन हात दिले जातात. जुना चुना पाणी शोषतो, तसे ते हवेत सोडतोही. सिमेंट व ऑइलपेंट यांच्यातून आतली ओल सहजासहजी बाहेर पडत नाही. बाहेरून खांब नवा दिसतो आणि आत लाकडाचा भुसा होत असतो. थकलेल्या कर्जाला नवे कर्ज देऊन जुने खाते नियमित दाखवावे, त्यातलाच हा प्रकार. खतावणी काही काळ स्वच्छ दिसते. बुडीत रक्कम मात्र त्या काळात वाढत राहते.

हा दोष जुन्या वास्तूंचाच आहे असेही नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून चाकांवरच्या घरांची चर्चा आपल्याकडेही होऊ लागली आहे. परदेशांत अशी घरे अनेक दशकांपासून आहेत, आणि त्यांतील पुष्कळांत बाहेर पत्रा, आत प्लायवूड व मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. छताच्या आणि खिडक्यांच्या सांध्यांतील लुकण उन्हाने कडक होऊन तडकते, थेंबाथेंबाने पाणी आत शिरते आणि दोन पत्र्यांमध्ये कोंडलेले लाकूड कुजते. तेथेही उतावळे लोक मऊ झालेल्या प्लायवर नवे प्लाय ठोकतात, आणि दोन-तीन वर्षांनी दोन्ही थर एकदम काढावे लागतात. वास्तू दोनशे वर्षांची असो वा वीस वर्षांची, पाण्याची वाट न शोधता केलेली दुरुस्ती वायाच जाते.

एक प्रसंग कल्पावा. रविवार पेठेसारख्या भागात दोन बंधूंचा सामाईक वाडा आहे. खाली धाकट्याचे दुकान, वर थोरल्याचे बिऱ्हाड आणि मागच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू. माडीवरील एका खोलीचे दार गेल्या पावसाळ्यापासून चौकटीत अडू लागले आहे. पावसाने लाकूड फुगले असेल म्हणून पावसाळाभर कोणी लक्ष दिले नाही. पण उन्हाळ्यातही दार सैल होईना, तेव्हा एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले गेले. त्यांनी दाराकडे पाहिलेही नाही. ते थेट खाली, त्या खोलीच्या बरोबर खाली असलेल्या खांबापाशी गेले. लाकडी हातोडीने त्यांनी वरपासून खालपर्यंत खांब ठोकून पाहिला. वर खणखणीत आवाज आला. गुडघ्याच्या उंचीपासून खाली तो बद्द होत गेला. रंगाखाली टोच्या लावताच तो दोन बोटे आत गेला.

“शेठ, खांब अजून धड आहे,” मिस्त्री म्हणाले, “पाय तेवढा गेला आहे.”

थोरल्या बंधूंनी सिमेंटचा कट्टा सुचवला. धाकट्यांचे म्हणणे, इतका खर्च करण्यापेक्षा वाडा बिल्डरला देऊन मोकळे व्हावे. भाडेकरूंनी आपला काही संबंध नाही असे कळवले. मिस्त्रींनी मात्र एकच प्रश्न विचारला, “पाणी कुठून येते?” दोन दिवसांच्या शोधानंतर उत्तर मिळाले. खांबामागच्या भिंतीत वरच्या मोरीचा नळ होता आणि त्याच्या सांध्यातून थेंब-थेंब पाणी झिरपत होते. पुराने एकदा भिजवलेल्या खांबाला त्या थेंबांनी कधीच वाळू दिले नव्हते.

अशा वेळी कामाचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम पाणी तोडावे: गळका नळ, फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, चौकातून उलटा येणारा उतार, जे कारण असेल ते. त्यानंतर झाकलेले सर्व उघडे करावे. सिमेंट फोडावे, पेंट खरवडावा, तळखड्याभोवतीची फरशी काढून हवेला वाट द्यावी. मग वाट पाहावी. बाजारात ओलावा मोजणारे छोटे यंत्र मिळते. त्याचे दोन काटे लाकडात रुतवले की टक्केवारी दिसते. दर आठवड्याला एकाच जागी मोजून आकडा वहीत लिहावा. तो उतरत गेला तर पाणी खरोखर तुटले. एका जागी अडला तर शोध अपुरा राहिला असे समजावे. उन्हाळ्याचे दोन महिने याच कारणासाठी मोलाचे असतात.

ओझे वाहणाऱ्या खांबाला हात लावण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंनी तुळईला टेकू द्यावे लागतात. हे काम संरचना-अभियंत्याच्या सल्ल्याने आणि जाणत्या मिस्त्रीच्या हातूनच व्हावे; येथे काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ. टेकू लागल्यावर कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला जातो. निरोगी लाकूड ओळखण्याची खूण सोपी आहे: पटाशी चालवली की त्याची लांब, सलग ढलपी निघते, कुजलेल्याचा चुरा होतो. मग त्याच जातीच्या, त्याच दिशेच्या रेषा असलेल्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा नवा पाय तयार करून तो खाच व कुसू यांनी वरच्या खांबात बसवतात. सांध्याची लांबी साधारणपणे खांबाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट ठेवली जाते. जपानी सुतार या कामाला नेत्सुगी म्हणतात, आणि तेथील प्राचीन मंदिरांचे कित्येक खांब असे नव्या पायांवर उभे आहेत. आपल्याकडेही जुन्या मिस्त्रींना ही कला अवगत आहे. तिला काम मिळाले तरच ती टिकेल.

लाकूड निवडताना घाई नको. ओले कापीव लाकूड हवेत वाळण्यास जाडीच्या दर इंचामागे साधारण एक वर्ष लागते, असा सुतारकामातील जुना ठोकताळा आहे. सहा इंची खांबासाठी काल कापलेला साग आणणे म्हणजे ओल विकत घेणे होय. पाडलेल्या वाड्यांतून निघालेला जुना साग म्हणून अधिक चांगला. मात्र तोही ठोकून, टोचून पारखूनच घ्यावा. नवा पाय बसवताना तळखडा पुन्हा जमिनीच्या वर येईल अशी व्यवस्था करावी, भोवती चुन्याचे काम करावे आणि उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. लहानशा खाचा व नक्षीचे तुटके भाग भरण्यास आज मिळणारी इपॉक्सीची लांबी उपयोगी पडते. परंतु ओझे वाहणाऱ्या मऊ लाकडात ती ओतून खांब दुरुस्त झाला असे मानणे, ही पुन्हा खतावणी रंगवण्यासारखीच गोष्ट ठरते.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. ओल धरली की बुरशी येते, बुरशीमागून वाळवी व अन्य कीटक येतात, आणि मग विषारी औषधांची फवारणी अटळ भासू लागते. शास्त्रदृष्टीने बुरशीची गणना अनंतकायांत होते, तर वाळवी हा तीन इंद्रियांचा जीव मानला जातो. ज्या घरात पावसाळ्यात धान्य चाळून, पाणी गाळून आणि चूल पुंजून वापरण्याची रीत आहे, त्या घराच्या भिंतीतच असंख्य जीवांची उत्पत्ती होऊ देऊन पुढे एका दिवसात त्यांचा संहार करण्याची वेळ यावी, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. यतना याचा अर्थ येथे अगदी व्यावहारिक आहे. जेथे ओल नाही तेथे उत्पत्ती नाही, आणि जेथे उत्पत्ती नाही तेथे औषधाचा प्रश्नही उद्भवत नाही. नव्या, स्वच्छ, कोरड्या लाकडाला बसवण्यापूर्वीच बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाचा हात दिला, तर कीड लागण्याची शक्यता बरीच कमी होते. मात्र पाण्याच्या सततच्या माऱ्याने हे द्रावण धुऊन जाते, म्हणजे येथेही प्रथम पाणी तोडणे आलेच. चातुर्मास बसण्यापूर्वी हे सर्व उरकण्यात धर्म आणि हिशेब या दोहोंचे हित आहे.

हिशेबाकडे वळले की खरा अडथळा दिसतो. वाडा सामाईक, भाडे नाममात्र, आणि खर्च कोणी करावा यावर एकमत नाही. कायद्याने याची काही उत्तरे दिली आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे दायित्व मालकाचे आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची सूचना दिल्यावर वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. भाडेच नाममात्र असेल, तर त्याच्या चौथ्या हिश्शात खांब उभा राहत नाही हे उघड आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना पालिकेच्या नोटिसा जातात. बहुतेक घरांत ती नोटीस फायलीत जाते आणि चर्चा पुढच्या वर्षावर जाते.

प्राप्तिकराच्या हिशेबातही एक सूचक तरतूद आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के ठोक वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च झाला की नाही, हे कोणी विचारत नाही. दुरुस्तीसाठी म्हणून सुटलेली ही रक्कम घरखर्चात विरून जाते. तीच दरवर्षी वेगळ्या खात्यात ठेवली आणि वाड्यात राहणाऱ्या प्रत्येक भावाने तीत आपला वाटा घातला, तर दहा वर्षांत निदान दोन-चार खांबांची सोय होईल. यंत्रावर घसारा धरण्यास व्यापारी कधी विसरत नाही. ज्या छपराखाली ते यंत्र चालते त्याचा घसारा मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

काही चिन्हे दिसताच हिशेब, वाद आणि भावकी बाजूला ठेवावी. तक्तपोशीतून अचानक माती झडू लागणे, तुळई कडकडणे, भिंतीत नवी भेग पडून ती वाढत जाणे, दार एकाएकी चौकटीत घट्ट बसणे यांपैकी काहीही दिसले, तर माणसांनी आधी बाहेर पडावे आणि मग पालिकेला कळवावे. भर पावसात वाडा खचून माणसे दगावल्याच्या बातम्या नाशिकने वाचल्या आहेत. माल पुन्हा भरता येतो.

कल्पिलेल्या त्या वाड्यात पुढे काय झाले असते? नळ बदलला गेला असता. भाडेकरूंनी भिंत उघडी ठेवून दोन महिने गैरसोय सोसली असती; पैशांइतकेच तेही योगदान होय. दोघा बंधूंनी खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला असता. वाडा ठेवायचा की द्यायचा, हा प्रश्न सुटला नसताच. पण तो पडक्या खांबाच्या धाकाखाली घाईने सोडवण्याची वेळ टळली असती. धड वास्तूची किंमत बसून ठरवता येते; खचणाऱ्या वास्तूची किंमत समोरचा ठरवतो.

या वैशाखात कौले चाळून झाली की आणखी अर्धा तास काढावा. घरातील एखाद्या मुलाला सोबत घ्यावे. खांबाच्या पायाशी बसावे, अंगठ्याने दाबून पाहावे, हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा, आणि तारीख घालून दोन ओळी वहीत लिहाव्यात. मूल पुढच्या वर्षी आपणहून विचारील, “खांब पाहायचा का?” तेव्हा मात्र उद्या पाहू असे म्हणू नये.